अठरा मिलिमीटर

मंगळवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना कोंडाबाई स्मारक प्रसूतिगृहाच्या पूर्वेकडच्या भिंतीतल्या एका खांबाचं कडं लाल झालं. मुख्य परिचारिका शैला गव्हाणे औषधांच्या खोलीतून बाहेर पडत होती. आधी तिला वाटलं, कुणीतरी खांबाला लाल कापड बांधलंय. मग तिनं आकडा वाचला. चोपन्न टन. त्याखाली ओळ होती : ‘मर्यादा ओलांडली. इमारत अठ्ठेचाळीस तासांत रिकामी करावी.’

दुसऱ्या मजल्यावर नवजात बालकांच्या कक्षात अकरा बाळं होती. त्यांतली दोन श्वासाच्या यंत्रावर. त्या दोघांतलं एक, सगळ्यात लहान, म्हणजे बोरीच्या कान्होपात्रा जोगदंडची मुलगी, नऊशे चाळीस ग्रॅमची. तिला अजून नावसुद्धा नव्हतं.

शैलानं तिथंच उभं राहून दोन फोन केले. पहिला डॉक्टरांना. दुसरा घरी, नवऱ्याला.

“अहो, तुमच्या इमारतीचं कडं लाल झालंय.”

प्रल्हाद म्हणाला, “मधल्या खांबाचा आकडा किती आहे, बघ.”

“त्र्याहत्तर.”

“आलो,” तो म्हणाला.

सन २०४३ पर्यंत परभणीत अशी कडी नसलेली सरकारी किंवा धर्मादाय इमारत उरली नव्हती. हातभर रुंदीचं राखाडी कडं खांबाच्या पायथ्याशी आवळून बसवायचं. ते काँक्रीटमधून कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतं. काँक्रीट जितकं जास्त दाबलं गेलेलं असेल तितका आवाज त्यातून किंचित लवकर जातो. फरक हजारात एखाद्या भागाचा, पण कडं तो मोजतं आणि खांबावर खरोखर किती टन भार आहे ते सांगतं. त्याआधी इंजिनिअर लोक भार गणितानं काढायचे. खांबावरचा खरा भार कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

पाहिला तेव्हा सगळेच हादरले. कागदावरचा आकडा आणि कड्यावरचा आकडा बहुतेक ठिकाणी जुळेचना. एका शहरात एक शाळा पडल्यानंतर घाईघाईत कायदा झाला : कोणत्याही खांबावर आराखड्यापेक्षा एकतृतीयांश जास्त भार आला की इमारत लाल. लाल इमारतीत कुणी भाड्यानं राहीना. सोयरीक जमवताना लोक पत्रिकेआधी घराच्या कड्याचा रंग विचारू लागले. आणि जुन्या इमारतींवर ज्यांच्या सह्या होत्या, ते इंजिनिअर सकाळी पेपर उघडायला घाबरू लागले.

प्रल्हाद गव्हाणे त्यांतलाच एक. वय एकोणसाठ. प्रसूतिगृह ही त्यानं स्वतंत्रपणे केलेली पहिली इमारत, २०१२ सालची.

तो पोचला तेव्हा जिल्ह्याच्या भार-तपासनीस नसरीन काझी आधीच आल्या होत्या. चौतिशीच्या, पायात धुळीचे बूट, काखेत टॅब. पूर्वेच्या भिंतीत तीन खांब होते, दोन कोपऱ्यांचे आणि एक मधला. नसरीन मधल्या खांबाजवळ उकिडव्या बसून होत्या. शैला आणि बालरोगतज्ज्ञ डॉक्टर कुलथे बाजूला उभे.

“मॅडम, मी स्पष्ट सांगतो,” डॉक्टर म्हणत होते, “नऊ बाळं मी हलवीन. यंत्रावरची दोन नांदेडला पोचायची नाहीत. पाऊण तासाचा रस्ता झाला तरी नाहीत.”

“मला कळतंय, डॉक्टर. पण मी सही केली नाही आणि उद्या काही झालं तर?”

प्रल्हाद पुढं झाला. “नमस्कार. मी गव्हाणे. आराखडा माझा.”

नसरीन उठल्या. “बसा सर. तुमची फाइल उघडलीय मी. तुमचे आकडे चाळीस, शंभर, चाळीस. कड्यांचे चोपन्न, त्र्याहत्तर, त्रेपन्न. बेरीज दोन्हीकडे एकशेऐंशीच येते. म्हणजे कडी खोटं बोलत नाहीत. मधल्या खांबानं भार सोडलाय आणि कोपऱ्यांच्यांनी उचललाय.”

“असं कसं होतं?” शैलानं विचारलं. “इमारत तीच, वजन तेच.”

प्रल्हादनं नेहमीच्या सवयीनं आजूबाजूला पाहिलं आणि समोरच्या बाकाकडे बोट केलं. “याच्या जागी तिपाई असती ना, तिच्यावर वजन कुठं ठेवलंय ते कळलं की तिन्ही पायांचा वाटा साध्या गणितानं निघतो. तिपाई कधी डुगडुगत नाही. पण चौरंग घे. चार पाय, आणि गणितं तीनच. एक पाय कागदाएवढा आखूड असला की त्याचा भार बाकीचे उचलतात. नुसतं वजन बघून कुठला पाय किती झेलतोय ते सांगता येत नाही. लाकूड किती वाकतंय, खालची जमीन किती दबतेय, हेही विचारावं लागतं. ही इमारत चौरंगासारखी आहे. आमच्या भाषेत अनिर्धार्य.”

“मग मधला पाय आखूड झालाय?”

“एक तर तो आखूड झालाय, किंवा त्याच्या खालची जमीन बसलीय.” हे बोलताना तो खांबाच्या पायथ्याकडे बघत होता.

नसरीननं ते हेरलं. त्यांनी टॅबवर जुनं कागदपत्र काढलं. “सर, यातलं काय झालंय त्यावर सगळं ठरणार आहे. खांबाचं काँक्रीट आतून चुरत असेल तर मी एक तासही थांबणार नाही. जमीन बसली असेल तर वेळ आहे. म्हणून विचारते. मधल्या खांबाच्या पायाचा खड्डा आणि काँक्रीट तुम्ही स्वतः पाहिलं होतं ना? अकरा फेब्रुवारीची तुमची सही आहे इथं.”

प्रल्हादनं सही पाहिली. तरण्या हाताची, झोकदार सही.

हो म्हणणं सोपं होतं. एकतीस वर्षं तो हेच म्हणत आला होता, नगरपालिकेला, ट्रस्टला, आणि रात्री जाग आली की स्वतःला. पण आत्ता तो हो म्हणाला असता तर नसरीन त्या सहीवर विसंबून पुढचा निर्णय घेणार होत्या, आणि वर अकरा बाळं होती.

“सही माझी आहे,” तो म्हणाला. “खड्डा मी पाहिला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा काँक्रीट भरून झालं होतं. मिस्त्री म्हणाला, मुरूम लागला होता, काळजी करू नका. मी सही केली. आदल्या दिवशीची तारीख टाकून.”

डॉक्टर कुलथे खाली बघू लागले.

“कुठं होतात तुम्ही?” नसरीननं विचारलं. आवाजात राग नव्हता. नोंद करायला हवी म्हणून विचारल्यासारखं.

“जिंतूरला.”

शैलानं वळून पाहिलं. तिचं माहेर जिंतूरचं. “जिंतूरला कशाला?”

“तुला बघायला.”

तिनं मनात तारीख जुळवली असावी. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग ताठ झाला. “म्हणजे आमच्या घरी बसून चहा घेत होतात तेव्हा इथं खड्डा भरत होते? आणि हे तुम्ही आज सांगायलात? सव्वीस वर्षं मी या इमारतीत काम करतेय हो. दोन्ही पोरं इथंच झाली माझी.”

“शैला—”

“मला वर जायचंय,” ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

नसरीननं टॅबवर नवी नोंद उघडली. “सर, हे मला लिहावं लागेल.”

“लिहा.”

“त्याची चौकशी होईल, ती पुढं. आत्ता मला एकच सांगा. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

बरोबर याच प्रश्नाचं उत्तर प्रल्हाद येताना रिक्षात शोधत होता. त्यानं पिशवीतून जुनी निळी वही काढली. “मॅडम, तुमची प्रणाली आधार हललेलेच नाहीत असं धरून चालते. म्हणून तिला फरक दिसला की ती घाबरते. आपण उलटं करू. मधला आधार खाली गेलाय असं धरू, आणि किती खाली गेला म्हणजे हेच आकडे येतात ते काढू. एकच अज्ञात. त्या एका आकड्यानं तिन्ही कडी जुळली, तर ते जुळणं योगायोगाचं नसेल.”

“आणि जुळली नाहीत तर?”

“तर तुम्ही सही करा. मी स्वतः बाळं उचलायला येतो.”

ते औषधांच्या खोलीतल्या टेबलावर बसले. प्रल्हाद हातानं गणित करत होता. मधला आधार मिलिमीटरभर खाली ओढला की तुळयांच्या टोकांना किती पीळ पडतो, तो पीळ एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात किती जातो, तिथून किती परत येतो, असं दर मजल्याला. नसरीन तेच टॅबवर स्वतःची रीत लावून करत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, “तुळया चिरल्या असतील हे धरलंत का? ताठपणा कमी होईल.” प्रल्हादनं मान हलवली, पान फाडलं आणि पुन्हा सुरुवात केली. ती चूक त्याची होती आणि ती त्यांनी पकडली होती. त्याला बरं वाटलं.

दीडच्या सुमाराला दोघांनी आपापला आकडा कागदावर लिहून समोर सरकवला. नसरीनचा साडेसतरा. प्रल्हादचा अठरा. अठरा मिलिमीटर खचलं तर खांबांवर भार येतो चोपन्न, बहात्तर, चोपन्न.

“एका टनाच्या आत,” नसरीन हळूच म्हणाल्या.

“हे नुसतं गणित झालं. आता मोजू.” प्रल्हाद उठला. “या इमारतीला काँक्रीटच्या दोन आडव्या पट्ट्या आहेत. एक जोत्यावर, एक पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली. दोन्ही मी स्वतः उभं राहून एका पातळीत ओतून घेतल्यात. त्या दिवसांत मी कुठंही गेलो नव्हतो. जमीन बसली असेल तर दोन्ही पट्ट्या मधल्या खांबापाशी सारख्याच खाली असतील. खांब चुरत असेल तर वरची खाली येईल आणि खालची जागेवर राहील.”

नसरीननं लेझर लावला, पण पूर्वेच्या बाजूला ऑक्सिजनची टाकी आणि पत्र्याची शेड आडवी होती. नीट किरण जाईना. शेवटी प्रल्हादनं शेजारच्या बांधकामावरून पारदर्शक नळी आणली, पाणी भरलेली. गवंडी पातळी बघायला वापरतात तीच. एका टोकाचं पाणी जिथं ठरतं तिथंच दुसऱ्या टोकाचं ठरतं, मध्ये शेड असो की टाकी. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. डॉक्टर वर गेले होते आणि नसरीनला वाचन लिहून घ्यायचं होतं.

शैला जिन्यावरून खाली आली. तिनं नळीचं टोक हातात घेतलं आणि कोपऱ्याच्या खांबाशी जाऊन उभी राहिली.

“अंगठा काढ,” प्रल्हाद मधल्या खांबापासून ओरडला. “पाणी ठरलं का?”

“हलतंय अजून.”

“थांब जरा.”

“थांबलेच आहे,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं : “ठरलं.”

खालची पट्टी मधल्या खांबापाशी अठरा मिलिमीटर खाली होती. ते वर गेले, खिडकीतून वाकून पुन्हा तेच केलं. वरची पट्टी अठरा, कदाचित एकोणीस.

प्रल्हाद खिडकीच्या कठड्यावर बसला. नळीतलं पाणी त्याच्या विजारीवर सांडत होतं, त्याला कळलं नाही. खांब शाबूत होता. मिस्त्रीनं माल चांगला भरला होता. खड्डा मात्र मुरमापर्यंत गेला नव्हता, हात-दीड हात अलीकडेच थांबला होता, आणि खाली काळी माती राहिली होती.

“पण काळी माती एकतीस वर्षं गप्प बसली,” नसरीन म्हणाल्या, “आणि आत्ताच का बसली? कडं आठ महिन्यांपूर्वी बसवलं तेव्हा कोपऱ्याचा आकडा पन्नास होता. तेव्हापासून महिन्याला अर्धा टन चढतोय.”

“त्या खांबामागं मोरी होती,” शैला म्हणाली. दोघंही तिच्याकडे बघू लागले. “कपडे धुवायची. चादरी, लंगोट, सगळं तिथंच धुतलं जायचं. सांडपाणी तिथंच मुरायचं, किती वेळा तक्रार केली मी. तीन वर्षांपूर्वी कपडे बाहेर धुवायला द्यायला लागले आणि मोरी फोडून फरशी घातली.”

प्रल्हाद आणि नसरीननं एकमेकांकडे पाहिलं. काळी माती पाण्यानं फुगते आणि सुकली की आकसते. मोरीच्या गळक्या पाण्यानं तिला इतकी वर्षं फुगवून धरलं होतं. पाणी बंद झालं आणि माती खाली बसत गेली, तिच्यासोबत पाया. खांब-तुळयांच्या चौकटीनं ते गुपचूप सहन केलं. मधल्याचा भार दोन्ही बाजूंना वाटून टाकला. इमारत तिपाईसारखी असती तर वाटून घ्यायला दुसरं कुणी नसतं. एक पाय गेला की सगळंच गेलं असतं.

“कोपऱ्यांच्या खांबांची ताकद किती?” नसरीननं विचारलं.

“पंच्याऐंशी टन. हवं तर गणित तपासा.”

त्यांनी तपासलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि आदेश लिहायला घेतला. कायद्यात एक कलम होतं, सकारण स्थगितीचं. कारण मोजून सिद्ध झालं असेल तर तपासनीस स्वतःच्या परवान्यावर जबाबदारी घेऊन बहात्तर तास थांबवू शकतो. आजवर राज्यात कुणीही ते वापरलेलं नव्हतं.

“बाळंतिणी आणि बाकी सगळे आज संध्याकाळपर्यंत पश्चिमेच्या बाजूला,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “नवजात कक्ष जागेवर राहील. दर तासाला आकडा मला यायला हवा. एक टन जरी वाढला तरी मी सगळ्यांना बाहेर काढीन, मग यंत्रावर असो की नसो. आणि परवा दुपारपर्यंत मधल्या खांबाला भार परत द्यायचा. जमेल?”

“जमेल,” प्रल्हाद म्हणाला.

काम आवाज न करता करायचं होतं. ठोकाठोक चालणार नव्हती, वर बाळं होती. औरंगाबाद रस्त्यावरच्या एका कंपनीकडं स्क्रूसारखे फिरत जमिनीत उतरणारे लोखंडी नळे होते. बुधवारी मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन नळे फिरवत फिरवत मुरमात रुतवले. खांबाला कड्याच्या खालून पोलादी चाप आवळला, नळ्यांच्या डोक्यांवर जॅक बसवले. प्रल्हाद दिवसभर खड्ड्याच्या काठाशी होता. शैलानं डबा आणून दिला तेव्हा त्यानं उभ्यानंच खाल्ला. ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. नळा मुरमाला लागला की यंत्राचा आवाज बदलायचा, आणि प्रत्येक वेळी तो खाली वाकून स्वतः बघायचा. सहाही वेळा.

गुरुवारी अकरा वाजता जॅकला दाब द्यायला सुरुवात झाली. नसरीन तिन्ही कड्यांचे आकडे टॅबवर बघत होत्या.

“मधला पंच्याहत्तर. कोपरे त्रेपन्न, बावन्न.”

वरून कुठंतरी कटकन आवाज आला. सगळे थांबले.

“खिडकीची काच,” जिन्यातून शैलाचा आवाज आला. “चौकटीत अडकली होती, सुटली. बाळं ठीक आहेत. चालू द्या.”

“ब्याऐंशी... नव्वद. कोपरे पंचेचाळीस.”

इमारत हलताना कुणालाच दिसली नाही. आकडे मात्र हलत होते. जे गणित वहीत मांडलं होतं तेच जिवंत खांबांत घडत होतं, टनामागं टन. मधल्यानं आपला भार परत घेतला, कोपऱ्यांच्यांनी सोडला. अठ्ठ्याण्णववर प्रल्हादनं हात वर केला. “बास. उगाच हाव नको.”

अठ्ठ्याण्णव, एक्केचाळीस, एक्केचाळीस. तिन्ही कडी हिरवी झाली.

नसरीननं टॅब छातीशी धरला आणि मोठा श्वास सोडला. “सर, तीन दिवसांत माझं दोन किलो वजन गेलंय,” त्या म्हणाल्या आणि हसू लागल्या, आणि त्यांचं हसू थांबेना.

चौकशी व्हायची ती महिन्याभरात झाली. खोट्या तारखेच्या सहीबद्दल प्रल्हादची नोंदणी दोन वर्षांसाठी रद्द झाली. समितीपुढं त्यानं आपल्या बाजूनं काहीच मांडलं नाही, फक्त वहीची प्रत जोडली. पुढं नियमातही एक ओळ वाढली : लाल शेरा देण्याआधी आधार किती खचला ते मोजावं. त्या ओळीमुळं राज्यातल्या बऱ्याच इमारतींचा लाल रंग उतरला. काहींचा उतरला नाही, आणि त्या वेळेवर रिकाम्या झाल्या.

निकालाच्या दिवशी तो घरी आला तेव्हा शैला भाजी निवडत होती. त्यानं सांगितलं, दोन वर्षं. तिनं मान हलवली.

“मला राग खड्ड्याचा नव्हता,” ती म्हणाली. “तुम्ही एकट्यानं बाळगलंत त्याचा होता. मी काय तुम्हाला सोडून गेले असते?”

“तेव्हा गेली असतीस. लग्न ठरायचं होतं.”

ती हसली. मग विचारलं, “झोप लागते का आता?”

“समितीपुढं जाऊन आल्यापासून लागतेय. लाज वाटते सांगायला, पण लागतेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “चला माझ्यासोबत.” तिला सोडायला तो प्रसूतिगृहाच्या फाटकापर्यंत वर्षानुवर्षं आला होता. कड्याच्या त्या तीन दिवसांतही तो पहिल्या मजल्याच्या वर गेला नव्हता. आज ती त्याला दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. कोपरापर्यंत हात धुवायला लावले, दोनदा. अंगावर हिरवा झगा चढवला.

कान्होपात्रा मुलीला वजनाच्या काट्यावर ठेवत होती. श्वासाचं यंत्र निघालं होतं. पोरीनं दोन्ही मुठी आवळल्या होत्या आणि नाराजीनं तोंड वाकडं केलं होतं.

“किती?” प्रल्हादनं विचारलं.

“तेराशे दहा,” कान्होपात्रा म्हणाली. “कालच्यापेक्षा तीस जास्त.”

प्रल्हाद काट्याजवळ गेला आणि खाली वाकून त्यानं तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.